गावातली थाळीफेक: रिंगणापासून सत्कारापर्यंत

जुलैत शालेय स्पर्धांची गडबड लागली की नव्यानं नोकरीला लागलेल्या क्रीडाशिक्षकांचे फोन यायला लागतात. "मॅडम, एक दांडगं पोरगं आहे, गोळ्याला घालू का थाळीला?" माझं उत्तर ठरलेलं असतं: थाळीला घाला.

आमच्या बीड जिल्ह्यात गोळा माहीत नाही असं घर नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण, त्यातले १५ गोळ्याचे. त्यामुळं पहाटे कुठल्याही मोकळ्या रानात पाच-सात पोरं गोळा टाकताना दिसतात. थाळी भरतीत नाही, म्हणून ती कुणी हातात धरत नाही. पळण्याचं म्हणाल, तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं आशियाई खेळांत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण आणल्यापासून प्रत्येक बापाला आपलं पोरगं पळवायचंय. थाळीला तालुक्यात मोजकीच लेकरं उतरतात आणि त्यातली बहुतेक जागेवर उभी राहून फेकतात. पावसाळ्याआधी जे लेकरू फिरून फेकायला शिकलं, ते जिल्ह्यापर्यंत फार अडत नाही.

पण तिथूनच दुसरी अडचण सुरू होते. जिल्ह्याचं पदक लवकर येतं, गाव डोक्यावर घेतं, आणि खरी थाळी जमायला अजून दहा वर्षं जायची असतात. फेकायचं कसं हे शिकवणारे आहेत. नाव झाल्यावर काय करायचं हे कुणी सांगत नाही. मी दोन्ही सांगते.

पोर निवडताना

जाड पोरगं दिसलं की त्याला फेकीला लावायची आपल्याकडं जुनी खोड आहे. मी वजनाकडं बघतच नाही. तीन गोष्टी करून घेते: जागेवरून लांब उडी, दोन्ही हातांनी गोळा डोक्यावरून मागं फेकणं, आणि फक्कीच्या रेषेवर गिरक्या घेत चार-पाच पावलं जाणं. पहिल्या दोन्हींत पायातला झटका कळतो, तिसऱ्यात तोल. गरगरून खाली बसणाऱ्याला लगेच काढून टाकू नका, महिनाभरात बहुतेकांना सवय होते. हात लांब आणि पंजा मोठा असेल तर उत्तम.

मुलगी असेल तर आणखी एक फायदा. अठरा वर्षांखालच्या गटात १ किलोची थाळी, वीस वर्षांखालच्या गटात १ किलोची आणि ऑलिंपिकलाही १ किलोचीच. हाताला लागलेलं वजन शेवटपर्यंत तेच राहतं. मुलांचं तसं नाही, त्याबद्दल शेवटी.

रिंगण

थाळीच्या रिंगणाचा व्यास २.५० मीटर, गोळ्याच्या रिंगणाचा २.१३५. बऱ्याच शाळांत गोळ्याच्याच रिंगणात थाळी फेकून घेतात. त्यानं पोराची पावलं आखूड पडायला लागतात आणि जिल्ह्याच्या मैदानावर खरं रिंगण दिसलं की सगळा हिशेब बिघडतो. खुंटी ठोका, सव्वा मीटरची दोरी बांधा, फक्कीनं गोल काढा. सेक्टर, म्हणजे थाळी ज्या पट्ट्यात पडायला हवी तो, ३४.९२ अंशांचा असतो, पण त्यासाठी कोनमापक लागत नाही. रिंगणाच्या मध्यापासून दोन्ही रेषांवर २० मीटर मोजा आणि त्या दोन टोकांमधलं अंतर १२ मीटर ठेवा. कोन आपोआप येतो.

पक्कं रिंगण करायचं असेल तर आधी माती बघा. मी पूर्वी माजलगावकडं होते, आता धारूरला घाटावर आहे. घाटावर मुरूम वरच लागतो, काम सोपं. खाली काळ्या रानात मात्र वरवर काँक्रीट टाकलं की पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दुसऱ्याच वर्षी रिंगणाचे तुकडे होतात. तिथं दीड-दोन फूट काळी माती काढून मुरूम दाबायचा, त्यावर खडी, मग लोखंडी जाळी टाकून काँक्रीट. कडं वेल्डरकडून वाकवून घ्या, पट्टी ७.८५ मीटर लागते.

आणि गवंड्याजवळ शेवटपर्यंत उभं राहा. आमच्या गवंड्यानं प्रेमानं घोटाई सुरू केली होती. मी म्हटलं, "दादा, राहू द्या खरबरीत." तो म्हणाला, "बाई, शाळेचं काम आहे, आरशासारखं करून देतो." आरशावर फिरणारं पोर पाठीवर पडतं. काँक्रीट ओलं असतानाच लाकडी थापीनं सारखं करून सोडून द्यायचं. उलट बुटाचा तळ मात्र गुळगुळीत हवा. खिळ्यांचे बूट तर नकोतच, नवे खाचांचे स्पोर्ट्स शूजही नकोत. झिजून सपाट झालेले कॅनव्हासचे बूट असतील तर ते या खेळाला फार छान चालतात, म्हणून घरी टाकून देऊ नका म्हणावं.

रिंगणाचं तोंड कुठं? थाळीला समोरून वारं लागतं. ऐकायला उलटं वाटतं, पण समोरच्या वाऱ्यावर ती तरंगते, मागून वारं आलं की खाली दाबली जाते. उजव्या हाताच्या खेळाडूला समोरून थोडं उजवीकडून येणारं वारं सगळ्यात चांगलं. आपल्याकडं पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं आणि तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धा त्याच दिवसांत होतात, म्हणून मी तोंड पश्चिमेला ठेवते. संध्याकाळी सूर्य डोळ्यांवर येतो हे खरं, म्हणून सराव सकाळी.

वाऱ्याचं महत्त्व पोरांना पटवायला एक गोष्ट सांगते. पूर्व जर्मनीच्या युर्गन शुल्टनं १९८६ मध्ये ७४.०८ मीटर फेकली होती. तो विक्रम जवळजवळ ३८ वर्षं टिकला. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नानं २०२४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रमोना इथं ७४.३५ फेकून तो मोडला, २०२५ मध्ये तिथंच ७५.५६ पर्यंत गेला. ते मैदान वाऱ्यासाठीच प्रसिद्ध. याच अलेक्नाला पॅरिस ऑलिंपिकच्या बंदिस्त स्टेडियमात ६९.९७ वर रौप्य मिळालं, कारण जमैकाच्या रोजे स्टोनानं बरोबर ७०.०० फेकली. तीन सेंटिमीटर! टेप धरायला कंटाळणाऱ्या पोरांना हा आकडा मी फळ्यावर लिहून ठेवते. टेपचा शून्य थाळी पडलेल्या खुणेवर, दुसरं टोक रिंगणाच्या मध्यावर, आणि वाचायचं कड्याच्या आतल्या कडेला. पुढच्या सेंटिमीटरला ढकलायचं नाही.

थाळी हातात

सुरुवातीला रबराची थाळी घ्या, दगडावर पडली तरी फुटत नाही. लाकडी थाळी घेताना दुकानदार कडेला जास्त वजन असलेली महागडी थाळी दाखवतो आणि म्हणतो ही लांब जाते. जाते, पण ज्याला तिला जोरात फिरवत सोडता येतं त्याच्या हातून. शिकाऊ पोराच्या हातात ती फडफडते आणि साध्या थाळीपेक्षा अलीकडं पडते.

धरायची म्हणजे मुठीत आवळायची नाही. बोटं पसरून चारही बोटांची शेवटची पेरं कडेवर, अंगठा वर नुसता टेकवलेला, मनगट सैल. पोरं घाबरून आवळतात, "मॅडम, पडंल की!" पडू द्या. हात झुलता असला की फिरण्याच्या जोरानंच थाळी बोटांना चिकटून राहते. सुटताना ती शेवटी तर्जनीवरून सुटली पाहिजे. तलावात चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत मारतो ना, तसाच बोटाचा झटका. हे बसवायला पहिला आठवडा फेकणंच नाही. थाळी जमिनीवर चाकासारखी सरळ गडगडवायची. वाकडी गेली तर बोट चुकलं. मग सरळ वर उडवून पुन्हा झेलायची.

नंतर उभ्यानं फेक. डावा खांदा फेकीच्या दिशेला, वजन उजव्या पायावर, थाळी मागं. आता उजवी टाच बाहेर वळवत कंबर पुढं आणायची, छाती तिच्यामागून, हात सगळ्यात शेवटी. मी पोरांच्या मागं उभी राहून थाळी बोटानं धरून ठेवते आणि म्हणते, कंबर फिरव. कंबर फिरली, हात माझ्याकडंच राहिला, छातीवर ताण आला, की सोडते. त्या ताणाची जाणीव एकदा झाली की पुढचं बोलून सांगावं लागत नाही.

पूर्ण फिरकी याच्यानंतर, आणि ती थाळीशिवाय. हातात टॉवेलला गाठ मारून द्या. पाठ फेकीच्या दिशेला करून रिंगणाच्या मागच्या कडेला उभं राहायचं, वजन डाव्या पायाच्या चवड्यावर न्यायचं, उजवा पाय मोठा फिरवत मध्यावर आणायचा, चवड्यावरच टेकवायचा, आणि डावा झटकन पुढच्या कडेजवळ. उजवा पाय टेकल्यावर डावा यायला उशीर झाला की साठवलेला सगळा जोर वाया जातो. नव्या पोरांचा नेहमीचा दोष म्हणजे सुरुवातीलाच डोकं आणि खांदा रिंगणात झोकून देणं. तसं झालं की पोर डावीकडं कलंडतं आणि थाळी सेक्टरबाहेर. सांगायचं एवढंच: सुरुवात सावकाश, शेवट जोरात.

फेकून झाल्यावर थांबायला शिकवा. थाळी जमिनीला लागेपर्यंत रिंगणात राहायचं आणि मागच्या अर्ध्यातूनच बाहेर पडायचं. खेड्यातल्या किती लेकरांच्या चांगल्या फेकी आनंदात पुढून उडी मारल्यामुळं फाऊल गेल्या असतील!

रिंगणाभोवती थाळी अडवणारी जाळी नसेल तर नियम कडक. एक जण फेकेल, बाकी सगळे बरेच मागं, रिंगणाच्या बाजूला कुणी नाही. उजव्या हाताची थाळी लवकर सुटली की उजवीकडं जाते, ओली असेल तर हमखास. कमरेला फडकं ठेवा. सगळ्यांच्या फेकी झाल्यावर एकदम आणायला जायचं आणि थाळी हातात घेऊन चालत यायचं, परत फेकायची नाही. शेजारच्या रानात कापूस-तूर उभी असेल तर थाळीला चमकदार रंग द्या, नाहीतर ती वेचणीच्या वेळीच सापडते.

उसाचा हंगाम

आता जे सांगते ते पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षकाला सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की आमची निम्मी गावं ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. विभागीय आणि राज्य स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास. पोरगं जिल्ह्यात पहिलं आलंय आणि आई-बाप त्याला घेऊन निघालेत, कारण मागं ठेवायचं कुणापाशी?

म्हणून गणपतीतच पालकांना भेटा, मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घेण्याआधी. गावात हंगामी वसतिगृह असेल तर नाव तेव्हाच घाला. आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशी बोला, आईशी स्वतंत्र बोला. "बाई, लेकरू तुमच्या जिवावर ठेवते," असं आईच्या तोंडून निघालं की काम झालं. बापाला स्पर्धेचं पत्रक दाखवा, तारखा दाखवा. खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना क्रीडा गुण मिळतात, हे सांगा. पण नोकरी लागलीच असं बोलू नका. प्रमाणपत्राची पडताळणी होते, स्पर्धेची पातळी बघितली जाते. प्रत्येक प्रमाणपत्र, बोनाफाईड आणि जन्मदाखला एकाच फाईलमध्ये ठेवा, आणि वय खरं लिहा. वरच्या पातळीवर मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासतात.

मुलींचं अजून अवघड. दहावी आली की घरात कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचा, हिशेब सुरू होतो, लग्न लावलं की जोडी तयार. अशा घरी मी कृष्णा पूनियाचं नाव काढते. हरियाणात जन्म, लग्न होऊन राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यात. मूल झालं, त्यानंतर थाळी गाजवली. नवराच प्रशिक्षक. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल खेळांत ६१.५१ मीटर फेकून सुवर्ण. १९५८ च्या मिल्खासिंगनंतर ॲथलेटिक्समधलं भारताचं ते पहिलं राष्ट्रकुल सुवर्ण होतं, आणि त्या दिवशी तिन्ही पदकं भारतीय बायकांनीच नेली: हरवंत कौर रौप्य, सीमा अंतिल कांस्य. मी घरच्यांना हे लग्न लवकर करा म्हणून सांगत नाही बरं का. लग्न झालं म्हणजे पोरीचं सगळं संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते. सीमा पुढं पूनिया झाली, २०१४ ला आशियाई सुवर्ण घेतलं आणि २०२३ ला हांगझोऊमध्ये चाळिशीत कांस्य. सतरा वर्षांची पोरगी जिल्ह्यात दुसरी आली म्हणून रडते, तेव्हा हा चाळीसचा आकडा उपयोगी पडतो.

नाव झाल्यावर

थाळीवाल्याचं नाव कसं होतं याचा आपल्या देशातला सगळ्यात मजेदार नमुना म्हणजे प्रवीणकुमार सोबती. १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई खेळांत थाळीफेकीचं सुवर्ण, १९७४ ला रौप्य, दोन ऑलिंपिकवाऱ्या. एवढं करून गावोगाव त्यांना ओळखलं ते १९८८ ला, दूरदर्शनच्या 'महाभारत'मध्ये गदा खांद्यावर घेतल्यावर. माझ्या वर्गात "भीम थाळी फेकायचा" म्हटलं की मागच्या बाकावरचं पोरही मान वर करतं. कृष्णा पूनियाही पुढं २०१८ ला सादुलपूरहून आमदार झाल्या, २०१९ ला जयपूर ग्रामीणमधून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि नेमबाज राज्यवर्धन राठोडांकडून हरल्या. एकूण थाळीला स्वतःच्या जोरावर गर्दी जमवता येत नाही, हे धरूनच चाला.

गावात मात्र जमते. पदक आलं की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर लेकराचा फोटो खाली कोपऱ्यात, वर अकरा पुढारी. मग डीजे, गुलाल, आणि अलीकडं जेसीबीतून फुलं. जिल्ह्याची स्पर्धा आणि विभागाची स्पर्धा यांच्यात कधीकधी पंधरवडाही नसतो, आणि त्यातले आठ दिवस पोरगं शाल पांघरून फोटोत उभं. गुलाल डोळ्यांत जाऊन दोन दिवस सराव बुडालेला मी पाहिलाय.

त्यावर आमच्या शाळेत नियम केलाय. सत्कार एकच, एकाच दिवशी, शाळेत. ज्याला करायचाय त्यानं तिथं यायचं. सरपंच, संस्थाचालक, तरुण मंडळ, सगळे. सुरुवातीला लोक रुसतात, मग येतात. शाल-श्रीफळाऐवजी काय द्यायचं ते आधीच कळवते: एक थाळी, एक जोडी बूट, किंवा महिन्याची अंडी. अंड्यांवर लोक हसतात, पण ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाणे आणि रोज दोन-चार अंडी एवढ्यावर शाळकरी थाळीवाला चांगला उभा राहतो. प्रोटीनचा डबा कुणी भेट दिला तर नमस्कार करून परत द्या. टोकियो ऑलिंपिकला सहावी आलेली कमलप्रीत कौर पुढच्याच वर्षी स्टॅनोझोलॉल या बंदी असलेल्या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडली आणि तीन वर्षांची बंदी आली. कुठल्या डब्यात काय आहे हे तालुक्याच्या दुकानदाराला ठाऊक नसतं, आणि उत्तर खेळाडूलाच द्यावं लागतं.

पोराला भाषण शिकवा. चार वाक्यं पुरेत: नाव-गाव, किती मीटर, कुणी मदत केली, पुढची स्पर्धा कधी. "देशासाठी सुवर्ण आणणार" हे वाक्य लोक त्याच्या तोंडात घालतात, ते काढून टाका. वार्ताहराला तोंडी काही सांगू नका, कागदावर लिहून द्या: गट, थाळीचं वजन, मीटर-सेंटिमीटर, क्रमांक, आई-वडील दोघांची नावं. कागद दिला नाही तर थाळीचा गोळा होतो, मीटरचे फूट होतात आणि आईचं नाव हमखास गळतं. मोबाईलवर फेकीचे व्हिडिओ टाकायला माझी हरकत नाही, फक्त बाजूनं काढलेला एक व्हिडिओ सरावासाठी वेगळा ठेवा. रीलसाठी समोरून काढलेल्यात पाय दिसतच नाहीत.

आता मुलांचं वजन. अठरा वर्षांखाली १.५ किलो, वीस वर्षांखाली १.७५, पुढं २ किलो. प्रत्येक टप्प्यावर फेक कित्येक मीटरनं खाली येते. गावाला फक्त आकडा माहीत असतो. मागच्या वर्षी एवढी फेकली, यंदा एवढीच, म्हणजे पोरगं उतरलं, दुसरं काही नाही! मग पारावर कुजबुज, बापाचं तोंड उतरलेलं, आणि पोरगं सराव सोडून भरतीच्या गोळ्याकडं. हे होण्याआधी, फेक चांगली चालू असतानाच बापाला बोलवा. दोन्ही थाळ्या त्याच्या हातात द्या, एक फेकायला लावा, मग दुसरी. शेतकरी माणूस, वजनातला फरक त्याला हातालाच कळतो. पोराच्या वहीत तारीख, थाळीचं वजन आणि अंतर असे तीन रकाने आखा, आणि नवी थाळी आली की नवं पान लावा, जुन्याखाली लिहू नका. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे फ्लेक्सवाल्यांना द्यायचे नाहीत.